मधली सुट्टी कुणाबरोबर गेली?

पालकसभेत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न गणिताचा असतो, त्याखालोखाल अक्षराचा. ‘मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो?’ असं विचारणारे पालक वर्षाला दोन किंवा तीन. खरं तर सकाळी उठून शाळेत जावंसं वाटतं की नाही, हे पुष्कळ मुलांचं त्या वीस मिनिटांवर ठरतं. तास कसाही निभावतो. बाक ठरलेला असतो, फळा समोर असतो. घंटा होते, सगळे उठतात आणि आता कुणाकडे जायचं हा प्रश्न ज्याच्यापुढे रोज उभा राहतो, त्याचं दुखणं प्रगतिपुस्तकात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हा लेख 11 ते 14 वयाच्या, म्हणजे माध्यमिक शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांचे पालक आणि वर्गशिक्षक यांच्यासाठी. मोठी माणसं मुलांना मित्र आणून देऊ शकत नाहीत. मैत्री जमायला लागणारी जागा, वेळ आणि थोडी सुरक्षितता मात्र देऊ शकतात. बरीच वर्षं वर्ग सांभाळल्यावर मी एवढ्यावर येऊन थांबले आहे. पुढच्या पायऱ्या त्याच समजुतीतून आल्या आहेत.

पायरी 1 : आधी वयाचा हिशेब मांडा

माध्यमिकमध्ये येताना दोन घडामोडी नेमक्या एकदम येतात. शाळा बदलते : एका बाईंच्या जागी सात-आठ शिक्षक, नव्या तुकड्या, जुना बाकसोबती दुसऱ्याच वर्गात. त्याच सुमारास शरीर बदलायला लागतं, आणि तेही प्रत्येकाचं आपापल्या वेगाने. एकाच बाकावरच्या दोन मुलींमध्ये चार वर्षांचं अंतर वाटावं, असं हे वय.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये या वयाच्या एका लक्षणाला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असं नाव दिलं. सगळे आपल्याकडेच बघतायत, आपल्या कपाळावरची पुटकुळी मोजतायत, असं मुलांना खरोखर वाटत असतं. केस जरा जास्त कापले गेले म्हणून शाळा बुडवू पाहणाऱ्याला ‘कोण बघतंय तुझ्याकडे!’ म्हणून काही उपयोग होत नाही, तो त्यामुळेच. त्याच्या लेखी अख्खा वर्ग बघत असतो.

वगळलं जाणं किती लागतं, हे 2003 च्या एका प्रयोगात दिसलं. नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना लोकांना संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. तेव्हा मेंदूचा जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या वेळीही काम करणारा होता. खेळ काही मिनिटांचा होता आणि समोरचे खेळाडू खोटे होते, तरी ही गत. तेराव्या वर्षी खऱ्या ग्रुपने खरोखर वगळलं तर काय होत असेल!

दुसरीकडे, मैत्री सुटणं हेही या वयात नेहमीचंच. सातवीत जुळलेल्या मैत्रीच्या जोड्यांचा बारावीपर्यंत माग काढणारा एक अमेरिकी अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटपर्यंत टिकलेल्या जोड्या जेमतेम 1 टक्का निघाल्या. ‘लहानपणापासूनच्या मैत्रिणी तुम्ही, आता काय झालं?’ या आपल्या प्रश्नात एक आरोप दडलेला असतो. बऱ्याचदा काहीच झालेलं नसतं. दोघी वाढलेल्या असतात, एवढंच.

झोपेकडेही बघा. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार 6 ते 12 वयाला 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप हवी. रात्री अकराला आलेली भांडणाची केस अकराला सोडवायला बसू नका. सकाळपर्यंत ती निम्मी झालेली असते.

पायरी 2 : दोन आठवडे नुसतं बघा

अध्यापक प्रशिक्षणात समाजमिती, म्हणजे वर्गात कोण कुणाशी जोडलेलं आहे ते मांडण्याची पद्धत, सगळ्यांनी परीक्षेपुरती घोकलेली असते. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने 1930 च्या दशकात रूढ केलेलं हे तंत्र पुढे वहीतच राहून जातं. एका तासाच्या मेहनतीत वर्गाचा इतका खरा नकाशा मला दुसऱ्या कशातून मिळालेला नाही.

शाळा सुरू होऊन महिना झाला की प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. वर स्वतःचं नाव, खाली दोन प्रश्न. प्रकल्प कुणाबरोबर करायला आवडेल, तीन नावं. मधल्या सुट्टीत बहुतेक कुणाबरोबर असतोस, असतील तितकी नावं. ‘कुणाबरोबर नको?’ हा प्रश्न पुस्तकात असतो, पण विचारू नका. चिठ्ठ्या गोळा व्हायच्या आत ती नावं वर्गभर झालेली असतात. गट खरोखरच पाडायचे असतील तेव्हाच हे करा, म्हणजे मुलं मनापासून लिहितात. मग घरी मोठ्या कागदावर सगळी नावं गोलात मांडा आणि ज्याने ज्याचं नाव लिहिलं त्याच्याकडे बाण काढा.

ज्याच्याकडे एकही बाण येत नाही, तो लगेच दिसतो. त्याच्याइतकीच काळजी ज्याचे बाण कुणाशीच जुळत नाहीत त्याची करावी. एका वर्षी माझ्या वर्गातला सगळ्यात गडबड्या, सगळ्यांना हसवणारा मुलगा असा निघाला. त्याने लिहिलेल्या तिघांपैकी एकानेही त्याचं नाव लिहिलं नव्हतं. तोवर माझी समजूत होती की याला मित्र उदंड. तिसरी खूण म्हणजे फक्त एकमेकींकडे बाण असलेली जोडी. एक आजारी पडली की दुसरी त्या दिवशी कुठेच नसते.

हा कागद कुलुपात ठेवा. शिक्षकांच्या खोलीत त्यावर गप्पा नकोत.

घरी अर्थातच चिठ्ठ्या चालत नाहीत. तिथे कान लागतात. रोज येणारं एखादं नाव बोलण्यातून गळालं का? सोमवारी सकाळीच पोट दुखतं का? डबा तसाच परत येतो का? पुष्कळ मुलांना एकटं बसून खाण्यापेक्षा उपाशी राहणं सोपं वाटतं. घंटा होता होताच शाळेत पोचायची धडपड, वस्तू वारंवार हरवणं, मधल्या सुट्टीत रोज ग्रंथालय. यातलं प्रत्येक लक्षण निरुपद्रवी असू शकतं. ग्रंथालयात जाणारं मूल पुस्तकवेडंही असेल. दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर पुढच्या पायरीकडे वळा.

पायरी 3 : चौकशी नको, विचारपूस करा

‘शाळा कशी होती?’ – ‘बरी.’ संपलं. हा संवाद घरोघरी रोज होतो आणि त्यात मुलांचा दोष नाही. प्रश्नच एवढा मोठा आहे की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. लहान प्रश्न विचारा. आज वर्गात सगळ्यात जास्त ओरडा कुणाला बसला? जोरात हसलात ते कशावर? दुसऱ्यांच्या गोष्टी सांगता सांगता स्वतःची गोष्ट कडेकडेने येते. ती आली की मान वर करून टक लावून बघू नका, हातातलं काम चालू ठेवा. मुलं शेजारी चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीत मागे बसलेली असताना बोलतात. समोर खुर्चीत बसवून ‘हं, बोल आता’ म्हटलं की विचारपुशीची चौकशी होते.

गोष्ट बाहेर आली की मोठ्यांच्या तोंडून तीन वाक्यं ठरल्यासारखी निघतात. ‘तू काय केलं होतंस?’ हे पहिलं, ‘लक्ष देऊ नकोस’ हे दुसरं. तिसरं समोरच्या मुलीबद्दल, आणि ते सगळ्यात महागात पडतं. परवा त्या दोघींची बट्टी होते, आणि तुम्ही तिला लावलेली विशेषणं घरात तशीच पडून राहतात. पुढच्या वेळी भांडण झालं तर ते तुम्हाला कळणार नाही.

त्याऐवजी सगळं ऐकून झाल्यावर विचारा : ‘मी नुसतं ऐकायचंय, की काही सुचवू, की शाळेत बोलू?’ निवड मुलाची. जिवाला धोका किंवा सततचा छळ असेल तर मात्र ही निवड त्याच्यावर सोडायची नाही, आणि हेही त्याला तिथेच स्पष्ट सांगायचं.

भावनेला नेमका शब्द मिळाला की तिचा जोर थोडा उतरतो. मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या अभ्यासात भावनेला नाव देताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया मंदावलेली दिसली. मुलं मात्र सगळ्यावर ‘राग आला’ हे एकच लेबल लावतात. आपल्याकडे शब्दांचा काय तोटा आहे! हिरमोड झाला, कानकोंडं झालं, खट्टू झालो, पोरकं वाटलं, हेवा वाटला, ओशाळलो, जिव्हारी लागलं. दोन शब्द पुढे करा आणि निवडू द्या : ‘राग आला, की कानकोंडं झालं?’ एकदा एका मुलीने यावर बराच वेळ विचार करून सांगितलं, ‘राग नाही. मी हात हलवला आणि तिने बघितलंच नाही, ते.’ बघितलं नव्हतं की बघून न बघितल्यासारखं केलं होतं, यावर मग पुढचं बोलणं झालं.

पायरी 4 : भांडण, दुरावा की छळ, हे आधी ठरवा

या पायरीवर सगळ्यात जास्त चुका होतात. माझ्याही झाल्या आहेत. तिन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसतात, मूल तिन्हींत रडतं, आणि तिन्हींचा उपाय मात्र वेगळा आहे.

शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास डॅन ओल्वेयस या संशोधकाने सुरू केला. 1982 मध्ये नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा असं पुढे आलं, आणि 1983 मध्ये तिथे देशव्यापी मोहीम उभी राहिली. ओल्वेयस यांनी सांगितलेल्या छळाच्या तीन खुणा अजूनही वापरल्या जातात : मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि दोन्ही बाजूंची ताकद असमान. ही ताकद दंडातलीच असते असं नाही. संख्या, लोकप्रियता, वरची इयत्ता, ग्रुपचं अ‍ॅडमिन असणं, सगळं यात येतं.

भांडणात ताकद साधारण सारखी असते. दोघांनाही लागलेलं असतं, दोघांनाही आपली बाजू सांगायची असते. त्याच क्षणी न्यायनिवाडा करू नका. दोघांना वेगळं बसवून पाच-पाच मिनिटं कागदावर लिहायला लावा : काय झालं, आणि आता काय हवंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचून नवल वाटेल. ‘तिला शिक्षा’ असं फार कमी जण लिहितात. ‘तिने परत माझ्याशेजारी बसावं’ असं लिहितात. मग दोघांना एकत्र आणा, एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं एवढाच नियम ठेवा. ‘तू असं केलंस तेव्हा मला असं वाटलं, यापुढे असं कर’ हा साचा शिकवायला चांगला आहे, फक्त मुलं तो त्यांच्या भाषेत बोलणार आणि मध्येच हसणार. हसू द्या. जबरदस्तीचं ‘सॉरी’ वदवून घेऊ नका. या वयातली माफी पुष्कळदा शब्दांत येतच नाही. एकजण न बोलता पेन पुढे करतो, दुसरा घेतो, मिटलं. ते मिटलेलं आहे असंच धरा.

दुरावा जास्त अवघड. दोघींतली एक दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली, दुसरी मागे राहिली. इथे अपराधी कुणीच नाही, म्हणून मोठ्यांना काय करावं सुचत नाही, आणि ते ‘तिलाही खेळायला घ्या गं’ असा हुकूम सोडतात. हुकमाने घेतलेली मुलगी खेळात असते आणि नसतेही. मागे राहिलेल्या मुलीला दुःख करू द्या, महिनाभर लागला तरी चालेल, आणि त्याच काळात पाचव्या पायरीला हात घाला. पुढे गेलेल्या मुलीलाही काही शिकवायला हवं, हे आपण विसरतो. जुन्या मैत्रिणीची गुपितं नव्या ग्रुपमध्ये फोडायची नाहीत. समोर आली तर ओळख द्यायची. ‘आज नाही जमणार’ हे खोटी कारणं न देता सांगायचं. मैत्री नीट सोडायची कशी, हा धडा कुठल्याही पुस्तकात नाही.

छळ असेल तर समेटाची बैठक घेऊ नका. ठळक अक्षरांत लिहावं असं हे वाक्य आहे. असमान ताकदीच्या दोघांना समोरासमोर बसवलं की दुबळा ‘मिटलं’ म्हणतो, बाहेर पडतो, आणि त्याची शिक्षा जिन्यात भोगतो. सोसणाऱ्याशी एकट्याने बोला. तारीख, जागा, कोण कोण होतं, हे त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. त्याने सांगितलं म्हणून त्याचंच फिरणं-खेळणं बंद होणार नाही याची खात्री द्या. मग करणाऱ्याशी बोला, आणि त्याच्या साथीदारांशी एकेकट्याने बोला. टोळीला एकत्र बोलावलं की टोळी आणखी घट्ट होते. जिने, स्वच्छतागृहाचा रस्ता, मैदानाचा मागचा कोपरा, तासांमधली अदलाबदल, या जागांवर आणि वेळांवर मोठं माणूस दिसू द्या. मग दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा विचारा. महिन्यानंतरचा प्रश्न हमखास राहून जातो, आणि छळ करणाऱ्याला ते ठाऊक असतं.

पालकांनी शाळेच्या फाटकाशी समोरच्या मुलाला गाठू नये, त्याच्या आईला तिरीमिरीत फोनही करू नये. वर्गशिक्षकांना लेखी द्या, तारखांसकट, आणि शाळा काय करणार आहे तेही लेखी मागा.

आता बघ्यांबद्दल, कारण वर्गातली बहुसंख्य मुलं तिथे असतात. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की छळात दोनच पात्रं नसतात : कुणी साथ देतो, कुणी हसून चेव चढवतो, कुणी बाजूला सरकतो, कुणी आड येतो. तुर्कू विद्यापीठात उभा राहिलेला ‘किव्हा’ हा कार्यक्रम याच बघ्यांवर काम करतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका निरीक्षणात, सोबत्यांपैकी कुणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ 10 सेकंदांत थांबला. पण ‘धाडस करा’ एवढं सांगून कुणी धाडस करत नाही. मुलांना झेपेल तेवढंच शिकवा. हसायचं नाही, ही सुरुवात. ‘चल, तुला बाईंनी बोलावलंय’ म्हणून सोसणाऱ्याला तिथून काढणं, ही मधली पायरी. ते खोटं असलं तरी माझी हरकत नाही; तसं मी वर्गात सांगूनही ठेवलंय. तेही जमलं नाही तर नंतर येऊन शेजारी बसणं आणि मोठ्यांना सांगणं. ‘ही चहाडी नाही का?’ असं कुणीतरी विचारतंच. सांगितल्याने कुणाची सुटका होणार आहे का, ते बघ म्हणावं. होणार असेल तर खुशाल सांग.

पायरी 5 : एकटं पडलेल्या मुलाला वेळ मिळवून द्या

एकटं असणं आणि एकटं पडणं यातला फरक आधी मुलाकडूनच समजून घ्या. एकच मित्र असलेलं, मोकळ्या वेळात चित्रं काढणारं मूल सुखी असू शकतं. त्याला गर्दीत ढकलणं ही आपली हौस.

जे पडलंय, त्याच्यासाठी मला एक आकडेमोड उपयोगी वाटते. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मोठ्या माणसांच्या आणि कॉलेजच्या मुलांच्या मैत्रीचे तास मोजले. ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास, मित्र म्हणण्यापर्यंत 90 आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. शाळकरी मुलांचे आकडे वेगळे असतील, पण अंदाज घेऊ. मधली सुट्टी 20 मिनिटांची धरली तर आठवड्याला 100 मिनिटं होतात. 50 तास भरायला 30 आठवडे, म्हणजे जवळपास अख्खं शैक्षणिक वर्ष. आणि तेही रोज त्याच मुलाबरोबर असेल तर! महिनाभरात ‘अजून कुणी मित्र झाला नाही?’ असं विचारण्यात अर्थ नाही. तास वाढवायचे कसे, ते बघायचं.

आठवड्यातून दोनदा भेटणारा, काही महिने चालणारा एखादा उपक्रम निवडा : संघाचा खेळ, वाद्यवृंद, नाटक, बुद्धिबळ, विज्ञान मंडळ, काहीही. हाताला काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. घरी बोलवायचं तर ग्रुप नको, एकालाच बोलवा. दीड तास पुरे, आणि रंगात असतानाच थांबवा. शिक्षकांनी बाक बदलताना नकाशातले अर्धवट बाण आठवावेत. ज्याने याचं नाव लिहिलं होतं, त्याच्याजवळ याला बसवता येईल का? वर्गातली कामंही जोडीने द्या आणि जोडी सहा आठवडे मोडू नका. वर्गातल्या गुणी मुलीला बोलावून ‘हिच्याशी मैत्री कर’ असं सांगू नका. उपकाराखातर केलेली मैत्री समोरच्याला दुसऱ्याच दिवशी कळते.

खेळणाऱ्या घोळक्यात शिरायचं कसं, हे काही मुलांना खरंच येत नाही. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी 1981 मध्ये हे निरखलं. ज्यांना घोळक्यात घेतलं जात नाही ती मुलं येतात तीच खेळ थांबवणारे प्रश्न विचारत, आपल्याबद्दल सांगत, नाहीतर ‘असं नसतं काही’ म्हणत. जी सहज सामावतात, ती आधी शेजारी उभं राहून काय चाललंय ते बघतात आणि मग त्याच खेळाला हात लावतात : लांब गेलेला चेंडू आणून देणं, गुण मोजायला लागणं. घरी याची तालीम करता येते. नकाराचीही तालीम करा, कारण सगळ्यांचा लाडका असतो त्यालाही कधीतरी ‘आत्ता नको’ ऐकावं लागतं. त्यावर ‘बरं, उद्या’ म्हणून निघून यायचं.

पायरी 6 : फोन

फोनवर स्वतंत्र लेख लिहावा लागेल, इथे फक्त मैत्रीपुरतं. बऱ्याच समाजमाध्यमांची स्वतःचीच अट 13 वर्षांची आहे, तेव्हा त्याआधीच्या हट्टाला ‘नाही’ म्हणायला तुम्हाला कारण आहे. रात्री सगळ्यांचे फोन, आपलेही, झोपायच्या खोलीबाहेर. रागातलं उत्तर आधी वेगळीकडे लिहून ठेवायचं, पाठवायचं सकाळी. एकाला वगळून बाकी सगळ्यांचा ग्रुप काढायचा नाही आणि कुणी काढला तर त्यात राहायचं नाही. दुसऱ्याच्या खासगी मेसेजचा स्क्रीनशॉट पुढे ढकलायचा नाही.

या सगळ्यांपेक्षा मोठा नियम आपल्यासाठी आहे. मुलाने ऑनलाइन त्रासाबद्दल सांगितलं तर त्याचा फोन काढून घेणार नाही, असा शब्द द्या. मुलं गप्प बसतात ती पुष्कळदा याच भीतीने. पुरावा पुसू नका, उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा आणि तक्रार नोंदवा.

पायरी 7 : मैत्रिणीचं ओझं वाहणारं मूल

समजूतदार मुलाकडे आपलं लक्ष जात नाही. त्याला भरपूर मित्र असतात, कारण सगळे त्याच्याकडे रडायला येतात. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये एक गोष्ट मांडली : मैत्रिणी एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसल्या की मैत्री घट्ट होते, पण उदासी आणि चिंताही त्याबरोबर दिसते. हे मुलींत जास्त आढळलं.

अशा मुलीला ‘ऐकू नकोस’ म्हणणं बरोबर नाही. ऐकून झालं की विषय हलवायला शिकवा : ‘मग आता काय करूया? चल, चक्कर मारून येऊ.’ रात्री ठरावीक वेळेनंतर उत्तर देणं बंधनकारक नाही, हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवायला लावा. आणि एक अपवाद घरात, वर्गात वारंवार बोलून ठेवा. स्वतःला इजा करणं, मरावंसं वाटणं, कुणी मोठ्या माणसाने नको तिथे हात लावणं, घरातून पळून जायचा बेत, यातलं काहीही कानावर आलं तर ‘कुणाला सांगू नकोस’ची शपथ मोडायची. त्याच दिवशी.

पायरी 8 : बाहेरची मदत केव्हा घ्यायची

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 10 ते 19 वयातल्या दर 7 मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. तेव्हा आपल्या वर्गात, आपल्या नात्यात असं मूल असणारच.

उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे रोज टिकली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, झोप-भूक बिघडली, अभ्यास अचानक घसरला, शाळेत जाणंच बंद झालं, तर शाळेचे समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्यापासून सुरुवात करा. पुढे मानसोपचारतज्ज्ञ लागले तर ते सुचवतील. मुलाला सांगताना ‘तुला वेड्यांच्या डॉक्टरकडे’ छापाचा विनोदसुद्धा नको.

‘मेलेलं बरं’, ‘मी नसले तरी कुणाला काय’ अशी वाक्यं, अंगावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, यातलं काहीही दिसलं तर दोन आठवडे थांबायचं नाही. सरळ विचारा : ‘मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्याने डोक्यात नसलेलं शिरेल ही भीती खरी नाही. न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांवरच्या 2005 च्या अभ्यासात असा प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास वाढलेला आढळला नाही. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू कुलुपात टाका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुमच्या भागातल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आजच फोनमध्ये साठवा. आणि हे ऐकून तुमचा चेहरा पडला तरी ‘आमचं काय होईल याचा विचार केलास का?’ हे वाक्य गिळा. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा आणि जवळ बसा.

सुट्टीनंतरचा पहिला आठवडा

शेवटी एक वेळापत्रकातली गोष्ट. मोठ्या सुट्टीत मैत्रीची फेरमांडणी होते. कुणाकुणाच्या भेटी झालेल्या असतात, कुणी ग्रुपमध्ये नसल्याने त्याला काहीच ठाऊक नसतं, आणि पहिल्या दिवशी बाक पकडायची धावपळ सुरू होते. त्या दिवशी जागा मुलांवर सोडू नका, बसण्याचा तक्ता तयार ठेवा. पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहा, वह्या तपासायच्या राहिल्या तरी चालेल. पालकांनी शाळा सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी जुन्या एका मित्राशी मुलाची भेट घडवून आणावी, म्हणजे फाटकाशी निदान एक चेहरा त्याची वाट बघत असेल. त्यानंतर महिन्याने चिठ्ठ्या पुन्हा वाटा आणि बाण नव्या कागदावर काढा. जुना नकाशा तोवर शिळा झालेला असतो.